सॅल्व्हेज सिव्हिक: गॅरेजमधल्या नोंदी (प्लेनो, टेक्सास)

११ जानेवारी २०२५, शनिवार

टोवाल्याने सकाळी साडेनऊला गाडी ड्राइव्हवेत उतरवली. होंडा सिव्हिक एलएक्स, २०१९, राखाडी, ६१,४०० मैल. मार पुढून, डावीकडून. बंपर नाही, डावा हेडलाइट नाही, बॉनेट तंबूसारखं वर आलंय, डावा फेंडर दारात घुसलाय. स्टिअरिंगची आणि पॅसेंजरच्या बाजूची एअरबॅग फुटलेली. आत काचेचा चुरा आणि मागच्या सीटवर लहान मुलाचा एक मोजा. तो मोजा बघून पाच मिनिटं काम सुचलं नाही. इंजिन लागलं, पण रेडिएटर फुटलाय म्हणून दहा सेकंदांत बंद केलं.

लिलावात ४,१५० डॉलर, त्यावर लिलावाची फी आणि टो मिळून ९६०. बरोबर आलेला कागद: ‘सॅल्व्हेज व्हेइकल टायटल’, म्हणजे जबर मार लागलेल्या गाडीचा मालकीचा कागद. या कागदावर गाडी माझी आहे, पण सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही आणि तिला नंबरही मिळणार नाही. दुरुस्त करून, कशी दुरुस्त केली ते लिहून दिलं की नवीन टायटल मिळतं आणि त्यावर ‘रिबिल्ट सॅल्व्हेज’ हा शेरा कायमचा राहतो. टेक्सासमध्ये याच्या खालचीही एक पायरी आहे, ‘नॉनरिपेअरेबल’. ती गाडी कितीही चकाचक केली तरी रस्त्यावर येत नाही, फक्त सुट्या भागांसाठी विकायची. लिलावात स्वस्तातली स्वस्त गाडी बघून हात वर करणाऱ्यांनी आधी हा शब्द वाचावा.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, तपासला. १९८१पासून अमेरिकेत तो १७ अक्षरांचा असतो, आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. पहिलं अक्षर २, म्हणजे कॅनडात बनलेली. दहावं के, म्हणजे २०१९. नववी जागा तपासणीची: प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा, प्रत्येक जागेला ठरलेला गुणक, सगळ्याची बेरीज, तिला ११ने भागायचं, उरेल ती बाकी नवव्या जागी दिसली पाहिजे (बाकी १० असेल तर एक्स). कागदावर केलं, जुळलं. कम्प्युटर एका सेकंदात सांगतो, पण हाताने केलं की तो नंबर पाठ होतो. डॅशबोर्डची पट्टी, दाराच्या चौकटीवरचं लेबल आणि टायटल, तिन्हीकडे तोच नंबर.

एकही बोल्ट खोलायच्या आधी ६४ फोटो काढले.

१२ जानेवारी, रविवार

बाबांना कोल्हापूरला व्हिडिओ कॉल. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं डेंटिंगचं गॅरेज तीस वर्षं होतं. फोन गाडीभोवती फिरवला. म्हणाले, “आधी चासी बघ. बाकी सगळा पत्रा.” या गाडीला वेगळी चासी नसते, सगळी बॉडीच चासी, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. शब्द मात्र सुटत नाही. माझाही नाही.

मग टायटलचा कागद दाखवला. बाबांनी चष्मा लावला. “म्हणजे अपघात झालेली म्हणून सरकारनंच लिहून दिलंय? आणि दुरुस्त केल्यावर बी ते ऱ्हाणार?” मी म्हटलं, राहणार. “मग घेणार कोण?”

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. दुरुस्त होऊन परत धावायला लागलेल्या गाडीच्या आरसीवर मात्र असा शेरा येत नाही. विम्याने ‘टोटल लॉस’ ठरवलेली गाडी भंगारवाल्याने घेतली, उभी केली, विकली, की पुढचा माणूस फक्त तिचा रंग बघतो.

२६ जुलै २००५च्या पावसानंतर मुंबईत बुडालेल्या काही गाड्या आमच्या गॅरेजपर्यंत आल्या होत्या. मी तेव्हा बारावीत होते. बाबांनी एका गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मला दाखवला होता. गाडी आतून धुऊन, सीटकव्हर बदलून, अत्तर मारून आणलेली. पण पट्ट्याच्या अगदी शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची तपकिरी रेघ होती. “पट्टा कुणी धूत न्हाई,” बाबा म्हणाले होते. ते गिऱ्हाइकाला तोंडी खरं सांगायचे. ते गिऱ्हाईक पुढच्याला सांगेल का, हा प्रश्न तेव्हा आमच्या डोक्यातही आला नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार

पुढचं सगळं उघडलं. बंपरचा आतला बार, रेडिएटर सपोर्ट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर बाद. डाव्या रेलच्या (इंजिनशेजारून पुढे जाणाऱ्या लांब पोकळ दांड्याच्या) टोकाला पत्र्याला चुणी पडलीय. कर्णाची मापं घेतली: स्ट्रट टॉवरच्या (सस्पेन्शन वर जिथे बसतं त्या जागेच्या) बोल्टपासून विरुद्ध बाजूच्या रेलच्या टोकापर्यंत, दोन्हीकडून. ९ मिलिमीटरचा फरक. माझ्या टेपची आणि माझ्या पाठीची चूक मिळून दोन मिलिमीटर धरले तरी उरलेले सात खरे आहेत. हे घरी होणार नाही.

बाबा म्हणाले, गॅसनं तापवून ओढ. तीस वर्षं तेच केलं. मी नको म्हटलं: हा पत्रा जास्त ताकदीच्या पोलादाचा, तापवला की त्याची ताकद जाते, पुढच्या अपघातात तो हवा तसा चुरगळत नाही. बाबा थोडा वेळ गप्प. मग, “आमच्या वेळी मारुती होती गं. ती कशी बी चुरगळायची.”

२५ जानेवारी, शनिवार

ट्रेलर भाड्याने घेऊन गाडी फ्रेमच्या दुकानात नेली. बेंचवर बांधून थंडच ओढली, रेलचं टोक कापून नवीन वेल्ड केलं. ८५० डॉलर. आधीच्या आणि नंतरच्या मापांची छापील शीट मागून घेतली. दुकानदाराला आश्चर्य वाटलं, हा कागद कुणी मागत नाही म्हणाला. माझ्या फायलीतला हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

भंगार यार्ड. आपली हत्यारं घेऊन जायचं, आपणच खोलायचं. मागून ठोकलेली २०१८ची सिव्हिक सापडली, पुढचा भाग जवळजवळ नवा. बॉनेट, डावा फेंडर, डावं पुढचं दार, रेडिएटर सपोर्ट, हेडलाइट. सगळे मिळून ७८० डॉलर. फेंडरचा एक बोल्ट ए-पिलरच्या (पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या) आत दार उघडल्याशिवाय दिसत नाही. तो शोधण्यात अर्धा तास गेला.

भाग खोलण्याआधी त्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या व्हीआयएनचा फोटो काढला आणि पावतीवर तो नंबर लिहून घेतला. टेक्सासच्या ट्रान्सपोर्टेशन कोडच्या ५०१व्या प्रकरणाप्रमाणे रिबिल्ट टायटलच्या अर्जात काय काय दुरुस्त केलं, कुठला मोठा भाग कुणाकडून घेतला आणि भागावर कायद्याने नंबर असेल तर तो कोणता, हे लिहून द्यावं लागतं. मोठे भाग कोणते तेही कायद्यातच आहे: इंजिन, गिअरबॉक्स, फ्रेम, फेंडर, बॉनेट, दार, बंपर वगैरे. मूळ हेतू चोरीच्या गाड्या पकडण्याचा आहे. चोरलेली गाडी सुटी करून विकली की हाच माल मेलेल्या गाडीत जातो. १९८४च्या केंद्रीय कायद्यापासून कित्येक मॉडेलांच्या मोठ्या भागांवर व्हीआयएनचं स्टिकर असतं. चोरीरोधक यंत्रणा असलेल्या काही मॉडेलांना त्यातून सूट आहे. या दारावर स्टिकर सापडलं नाही, म्हणून फोटो आणि पावती हाच माझा पुरावा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एअरबॅग. या गाडीतलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात कंटाळवाणं काम.

ऑनलाइन ९० डॉलरला ‘नवीन’ स्टिअरिंग एअरबॅग मिळते. शिवण छान, होंडाचा शिक्काही छान. आत काय आहे ते फुटल्याशिवाय कळत नाही. जुलै २०२४मध्ये एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा खात्याने इशारा दिला होता: स्वस्त, निकृष्ट बदली इन्फ्लेटर (बॅग फुगवणारा भाग) बसवलेल्या गाड्यांमध्ये नऊ महिन्यांत तीन माणसं गेली, दोघं भयानक जखमी झाली. जी एअरबॅग जीव वाचवायची तिने धातूचे तुकडे छातीत आणि चेहऱ्यावर मारले. त्यातल्या बहुतेक गाड्या आधी अपघात होऊन दुरुस्त झालेल्या, सेकंडहँड घेतलेल्या होत्या. म्हणजे नेमकी माझ्यासारख्यांच्या हातातून गेलेल्या.

डीलरकडून नवीन मॉड्यूल (एअरबॅग कधी उडवायची ते ठरवणारा कम्प्युटर), नवीन स्टिअरिंग बॅग, नवीन पुढचे बेल्ट (त्यांचे प्रीटेन्शनर, म्हणजे पट्टा झटक्यात आवळणारे भाग, एकदा उडाले की संपले). पॅसेंजर बॅग आणि डॅशबोर्ड. सगळं मिळून १,४८० डॉलर. जुनं मॉड्यूल पोस्टाने पाठवून ‘रिसेट’ करून मिळतं, साठ डॉलरला. बरेच जण तसं करतात. मी नाही केलं. तो हिशोब मला समजतो, पण या गाडीत दुसऱ्याचं पोरगं बसणार आहे.

सगळ्या भागांच्या खोक्यांवरच्या नंबरांचे फोटो फायलीत. टायटलवर ‘रिबिल्ट सॅल्व्हेज’ लिहून येईल. ९० डॉलरची बॅग की डीलरची, हे त्यावर येणार नाही. कायदा आणि दुरुस्ती यांची गाठ इथे सुटलेली आहे.

२२ फेब्रुवारी

पाऊस. लेकीची मराठी शाळा. काम शून्य.

१ मार्च, शनिवार

रेडिएटर, कंडेन्सर (२९० डॉलर) बसवले. पुढची काच (३४०) बदलणारा घरी आला. या गाडीत होंडा सेन्सिंग आहे, म्हणजे समोर बघून स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा: काचेमागे कॅमेरा, बंपरमागे रडार. काच किंवा बंपर हलला की दोन्ही पुन्हा जुळवावे लागतात, नाहीतर गाडी समोरच्या गाडीऐवजी शेजारच्या लेनमधल्या ट्रकला बघून ब्रेक मारू शकते. कॅलिब्रेशनला पुन्हा ट्रेलर, ४२५ डॉलर. तिथल्या माणसाने रडारचा कंस एक अंशाने वाकडा आहे हे दाखवलं. मला साध्या डोळ्यांना तो सरळच वाटला होता. पाच डॉलरचा कंस बदलला.

१६ मार्च, रविवार

रंग. राखाडी दिसायला सोपा, मिळवायला कठीण. ६२० डॉलर, बूथ भाड्याने. दार आणि फेंडर तिरप्या उन्हात जुळतात, सरळ उन्हात थोडं कळतं. लपवायचं काही नाही, त्यामुळे पुन्हा करत नाही.

२२ मार्च, शनिवार

शेजारचे काका (पुण्याचे, निवृत्त, रोज एक फेरी मारतात) आज म्हणाले, “एवढ्यात झाली? मग विमा कंपनीने ही फेकली कशाला?”

चांगला प्रश्न आहे. टेक्सासच्या व्याख्येत गाडी सॅल्व्हेज ठरते ती दुरुस्तीचा खर्च तिच्या अपघाताआधीच्या किमतीपेक्षा जास्त झाला तर. या खर्चात भाग आणि मजुरी येते, पण रंगकाम धरायचं नाही, आणि त्या खर्चावरचा सेल्स टॅक्सही नाही. दुकानाच्या दराने, सगळे भाग नवीन घेऊन, या गाडीचा हिशोब पंधरा हजारांच्या वर गेला असणार. मी भंगारातून दार आणलं आणि माझी मजुरी शून्य धरली. आकडे दोघांचेही खरे.

काकांना पुढचं सांगितलं ते त्यांना पटेना. हीच गाडी, हाच मार, पण राज्य वेगळं असतं तर शब्द वेगळा लागला असता. फ्लोरिडात मर्यादा ८० टक्के, न्यूयॉर्कमध्ये ७५, शेजारच्या ओक्लाहोमात ६०. टेक्सासात १००. काही राज्यांत टक्केवारीच नाही: दुरुस्तीचा खर्च अधिक भंगाराची किंमत ही गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाली की टोटल लॉस. म्हणजे खर्च किमतीच्या ७० टक्के आला तर टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या रेड नदीच्या या बाजूला गाडी साधी, त्या बाजूला सॅल्व्हेज. मधे पूल आहे. १९९०च्या दशकात सगळ्या देशाला एकच व्याख्या लावायची विधेयकं अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, आली होती. कायदा झाला नाही.

काका म्हणाले, “म्हणजे आपल्याकडच्या दुष्काळाच्या आणेवारीसारखं.” हे मला सुचलं नसतं.

४ एप्रिल, शुक्रवार

अर्धी रजा. काउंटी टॅक्स ऑफिस. हातात सॅल्व्हेज टायटल, टायटलचा अर्ज १३०-यू आणि व्हीटीआर-६१, म्हणजे रिबिल्ट गाडीचं निवेदन. खिडकीवरच्या बाईंनी व्हीटीआर-६१ वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचला आणि बॉनेटच्या ओळीवर थांबल्या. तिथे मी विकणाऱ्याचं नाव लिहिलं होतं, ज्या गाडीवरून काढलं तिचा नंबर लिहायचा राहिला होता. फेंडरला लिहिला, दाराला लिहिला, बॉनेटला विसरले. फोनमधला फोटो उघडून तिथल्या तिथे लिहिला. फाइल केली नसती तर आज परत यावं लागलं असतं.

रिबिल्ट फी ६५ डॉलर, टायटल ३३, सेल्स टॅक्स सव्वासहा टक्क्यांनी २५९. आज फक्त टायटल मागितलं, रजिस्ट्रेशन नंतर.

गाडी कुणीही बघितली नाही. हे पुन्हा लिहिते, कारण मला स्वतःला विचित्र वाटलं: गाडी कुणीही बघितली नाही. माझ्या सहीवर विश्वास. इतर कित्येक राज्यांत रिबिल्ट गाडी आधी तपासणीला न्यावी लागते. कुठे पोलीस भागांच्या पावत्या बघतात, कुठे ब्रेक-दिवे तपासले जातात. टेक्सासात तर १ जानेवारी २०२५पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीही बंद झाली. आमच्या कॉलिनसह १७ काउंट्यांत धुराची तपासणी तेवढी उरली. धूर स्वच्छ असेल तर ब्रेक कसे आहेत ते देव जाणे आणि मालक जाणे.

२६ एप्रिल, शनिवार

टायटल पोस्टाने आलं. शेऱ्याच्या जागी ‘रिबिल्ट सॅल्व्हेज’. कायद्यातलं वाक्य असं की गाडीची आधीची अवस्था टायटलवर संभाव्य खरेदीदाराला वाजवीपणे समजेल अशा रीतीने सांगितलेली हवी. शब्द समजतात. अडचण ही की खरेदीदाराच्या हातात हा कागद पैसे देताना येतो. तोपर्यंत त्याने चक्कर मारलेली असते, घरी फोन केलेला असतो, रंग आवडलेला असतो.

कॅलिफोर्नियात जुलै २०१२पासून डीलरला आधी देशभरच्या टायटलांच्या राष्ट्रीय नोंदीतून गाडीचा अहवाल काढावा लागतो, आणि शेरा असेल तर गाडीवरच लाल इशारा लावावा लागतो. गिऱ्हाईक दार उघडायच्या आत वाचतं. केंद्राच्या नियमाप्रमाणे डीलरच्या खिडकीवर जो ‘बायर्स गाइड’ लागतो, त्यात २०१७पासून एवढंच आलं की गाडीचा इतिहास तपासून घ्या. इतिहास काय आहे ते त्यात नसतं. आणि माझ्यासारख्या खासगी विकणाऱ्याला तेही लागू नाही.

३ मे, शनिवार

३० दिवसांचं परमिट घेतलं, धुराच्या तपासणीला गेले. नापास. गाडी ठीक, पण बॅटरी अनेक आठवडे काढून ठेवल्यामुळे कम्प्युटरचे मॉनिटर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या धुराच्या चाचण्या, ‘तयार’ नाहीत. या वयाच्या गाडीला एकच अपूर्ण चालतो, माझे तीन होते. तपासणीवाला म्हणाला, चालव थोडी. चालव म्हणजे काय ते त्याने नीट सांगितलं नाही, इंटरनेटने सांगितलं: सकाळी थंड इंजिन, दोन मिनिटं उभी, हायवेवर स्थिर वेग, मग ब्रेक न लावता हळू होऊ द्यायची.

आज सिव्हिक चालवली. पहिल्यांदा रस्त्यावर. डावीकडे किंचित ओढते.

७ मे, बुधवार

सोमवारपासून ऑफिसला सिव्हिकनेच गेले. आज पास. स्टिकर लागलं. अलाइनमेंट करून घेतली, ओढणं गेलं. अलाइनमेंटची शीट फायलीत. एसीचा गॅस १२०.

१० मे, शनिवार

हिशोब: १०,३७२ डॉलर (अलाइनमेंट, रजिस्ट्रेशन आणि कंसासारखा किरकोळ खर्च सोडून, ते माझ्या खिशातून). तास साधारण ११०. असलीच, पण शेरा नसलेली गाडी इथे साडेपंधरा हजारांच्या आसपास जाते. मी ११,५०० लिहिले आणि जाहिरातीची पहिलीच ओळ: ‘रिबिल्ट टायटल. पुढून अपघात, एअरबॅग फुटलेल्या. सगळे फोटो आणि पावत्या मिळतील.’

दिवसभरात तीन फोन. पहिल्याने पहिली ओळ वाचलीच नव्हती. दुसऱ्याने सहा हजार म्हटले.

तिसरा लक्षात राहील. गोड बोलणारा माणूस, गाडी बघायचीही घाई नाही. म्हणाला, शेऱ्याची काळजी करू नका, माझ्याकडे दुसऱ्या राज्यात रस्ता आहे, तिथे नोंदवून टायटल स्वच्छ करून आणतो, मग चौदा हजारांना जाते, फरक अर्धा-अर्धा. इथे याला ‘टायटल धुणं’ म्हणतात. प्रत्येक राज्याचे शेरे वेगळे, शब्द वेगळे. एका राज्याच्या कागदावरचा शब्द दुसऱ्या राज्याच्या यादीत नसेल तर नवीन कागदावर तो गळतो. हे बंद करायला १९९२च्या वाहनचोरीविरोधी कायद्यात राष्ट्रीय टायटल नोंद उभारायचं ठरलं. विमा कंपन्या आणि भंगार यार्डांनी दरमहा गाड्या कळवायची सक्ती व्हायला मार्च २००९ उजाडला. सतरा वर्षं. मधल्या काळात कॅटरिना चक्रीवादळ येऊन गेलं आणि बुडालेल्या गाड्या देशभर पसरल्या. त्याच वर्षी, २००५च्या जानेवारीत, स्टेट फार्म या विमा कंपनीने ४९ राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांशी समझोता केला होता: सॅल्व्हेज टायटल न काढता सुमारे ३० हजार गाड्या पुढे गेल्या होत्या, आणि त्या ज्यांच्या दारात उभ्या होत्या त्यांच्यासाठी चार कोटी डॉलर. तेव्हा धुणारे फक्त गल्लीतले नव्हते.

आता कागद धुतला तरी राष्ट्रीय नोंदीतला शेरा जात नाही, आणि बाहेरून आलेल्या गाडीला टायटल देताना राज्याने ती नोंद बघायची असते. ती न बघणारं गिऱ्हाईक मात्र मुबलक आहे, त्यावर त्या गोड माणसाचा धंदा. मी नाही म्हटल्यावर तो रागावलाही नाही. “विचार करा, ताई” याचं जे काही इंग्रजी होतं ते बोलला.

१७ मे, शनिवार

मावसबहिणीचा मुलगा आला. रिचर्डसनला यूटी डॅलसमध्ये एमएसला आहे, मूळ नागपूरचा. उन्हाळ्यात इंटर्नशिप, गाडी हवी. बरोबर त्याचा रूममेट, तो सगळ्यातला तज्ज्ञ.

“मावशी, तू बनवलीस म्हणजे चांगलीच असणार,” भाचा. रूममेटने विचारलं, “टायटल क्लीन आहे ना?” मी म्हटलं, नाही, आणि कागद समोर ठेवला. चेहरे पडले. मग त्यांना आधी बसवून पोहे दिले आणि फाइल दिली. खोलण्याआधीचे ६४ फोटो. रेलची मापं. एअरबॅगच्या खोक्यांचे नंबर. पावत्या.

भाचा ज्या दुसऱ्या गाडीवर डोळा ठेवून होता तिचा व्हीआयएन मागितला. ‘क्लीन टायटल, एकच मालक, स्वस्त’. राष्ट्रीय नोंदीचा अहवाल काही डॉलरना मिळतो, तो काढला. शेरा कुठेच नाही, फक्त २०२२मध्ये राज्य बदललंय आणि ओडोमीटर नीट चढत गेलाय. रूममेट म्हणाला, बघा, स्वच्छ. मी म्हटलं, असेलही. मालकाने विमाच काढला नव्हता, किंवा स्वतःच्या पैशाने दुरुस्त केली, तर कुणी कुणाला कळवतच नाही. गाडीकडे चला.

तासाभराने त्या गाडीसमोर उभे होतो. भाच्याला म्हटलं, पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. त्याने ओढला. रेघ नव्हती. पट्टा कोरा, लेबलवरची तारीख मात्र २०२३ची. गाडी २०१८ची. मालकाला विचारलं, बेल्ट कधी बदलले? तो म्हणाला, बेल्ट? मग म्हणाला, आधीच्या मालकाने बदलले असतील. एकच मालक लिहिलं होतं.

बेल्ट बदलण्याला साधी कारणंही असू शकतात. पण त्याच्याकडे ते कारण नव्हतं.

परतताना भाचा गप्प होता. मग विचारलं, “मावशी, तुझी मी घेतली आणि नोकरी न्यू जर्सीला लागली तर?” शेरा बरोबर येईल, मी म्हटलं. फुल कव्हर विमा काही कंपन्या देणार नाहीत, आधी फोन करून विचार. पुन्हा अपघात झाला तर पैसे कमी मिळतील. विकताना तुलाही हेच ऐकावं लागेल, आणि तुलाही पहिल्या ओळीत लिहावं लागेल. लिहिलं नाहीस तर तुझ्या आईला फोन करेन.

२४ मे, शनिवार

विकली. ११,००० डॉलर. भाच्याने दोन विमा कंपन्यांना विचारलं, एकीने फुल कव्हर दिलं. टायटलच्या मागे सह्या, ओडोमीटर ६१,८९०, तो लिहिणं सक्तीचं आहे (२०११ आणि नंतरच्या मॉडेलांना वीस वर्षं). टायटलची झेरॉक्स फायलीत पहिल्या पानावर लावली, शेरा वर येईल अशी, आणि फाइल ग्लोव्ह बॉक्समध्ये. मागच्या सीटवर सापडलेला मोजा मी जानेवारीत फेकला नव्हता. आज फेकला.

नफा ६२८ डॉलर, म्हणजे ताशी सहासुद्धा नाही. बाबांना सांगितलं तर हसले, “आमच्यापेक्षा बरं हाय.”

राहिलेलं काम: ५०० मैल झाल्यावर भाच्याने गाडी परत आणायची. डाव्या चाकाचे बोल्ट, रेलच्या वेल्डवरचा अँटी-रस्ट आणि रडारचा कंस पुन्हा बघायचा. येताना डबा परत आण म्हटलंय.